एक प्यादं जास्त असताना

१९६० सालचा मार्च महिना संपत आला होता. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता या समुद्रकाठच्या शहरात बुद्धिबळाची स्पर्धा नुकती सुरू झाली होती. दुसऱ्या फेरीत १७ वर्षांच्या बॉबी फिशरने २९व्या चालीनंतर डाव सोडला. त्या क्षणी पटावरची प्यादी मोजली तर त्याची ४ भरतात आणि समोरच्याची ३. वजीर दोघांकडे, हत्ती दोघांकडे दोन-दोन, एकाकडे घोडा तर दुसऱ्याकडे उंट. ज्याच्याकडे जास्त होतं तोच हरला.

समोर बसला होता २३ वर्षांचा बोरिस स्पास्की. हरल्यावर फिशरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं या डावाविषयी पुढे अनेकदा लिहिलं गेलं. फिशरचा स्वभाव पाहता त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. नवल पुढच्या वर्षी घडलं. हरलेल्या माणसाने आपल्या पराभवाचा दोष एका ओपनिंगवर ठेवला, तिच्यावर रीतसर खटला चालवला आणि निकाल छापून मोकळा झाला. ती ओपनिंग म्हणजे किंग्ज गॅम्बिट. मला विचाराल तर त्या दिवशी ती निर्दोष होती.

गॅम्बिट या शब्दाचं मूळ इटालियन. पाय अडकवून माणसाला पाडणं, असा त्या मूळ शब्दाचा अर्थ. आपल्या आखाड्यातल्या पैलवानाला हे वेगळं समजवायला नको, टांग मारणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं, त्यात हा शब्द आला आणि तिथून तो सगळ्या युरोपभर गेला. टांगेचा हिशेब साधा असतो. एक प्यादं समोरच्याच्या हातात ठेवायचं, तो ते खायला वाकला की त्याचा तोल जातो, मग आपण चढाई करायची.

किंग्ज गॅम्बिट ही या जातीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात उघडी टांग. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही तेच करतो. दुसऱ्याच चालीला पांढरा राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो आणि म्हणतो, घे. यात आपल्याच राजाच्या शेजारचं दार उघडं पडतं. घरातले दागिने उंबरठ्यावर मांडून ठेवावेत आणि चोर आला की मागून कडी घालावी, अशातला हा प्रकार. कडी वेळेवर घालता आली तर ठीक.

हा सगळा खेळ युरोपीय नियमांच्या पोटातून जन्माला आला आहे, हे आपल्याकडच्या वाचकाने लक्षात घ्यायला हवं. प्यादं एकेक घर चालणाऱ्या देशी पद्धतीत दुसऱ्या चालीला ही टांग घालता येत नाही. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटात लखनौच्या दोन जहागीरदारांना इंग्रजी नियम समजावून सांगण्याचा एक प्रसंग आहे, त्यात प्याद्याची ही दोन घरांची उडीही येते. कंपनी सरकार नवाबाचं राज्य गिळायला निघालं असताना पटावरचे नियमसुद्धा बदलत होते. असो.

एकोणिसाव्या शतकात या गॅम्बिटची चलती होती. पॅरिस, लंडन, व्हिएन्ना इथल्या कॉफीगृहांत प्यादं देऊ केलं की घ्यायचं, न घेणं भित्रेपणाचं, असा रिवाज होता. १८५१ साली लंडनमध्ये अँडरसन या खेळाडूने दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरही देऊन मात केली, तो ‘अमर डाव’ किंग्ज गॅम्बिटचाच. त्यात हरलेल्याचं नाव लिओनेल किझेरित्स्की. बिचारा पॅरिसच्या काफे द ला रेजांसमध्ये शिकवण्या करून पोट भरणारा खेळाडू. जगाने त्याला त्या पराभवासाठी लक्षात ठेवलं आणि नुकसानभरपाई म्हणून की काय, याच गॅम्बिटच्या एका शाखेला त्याचं नाव दिलं. मार देल प्लाताच्या पटावर जी शाखा आली ती नेमकी किझेरित्स्कीचीच.

विसावं शतक उजाडलं तेव्हा या गॅम्बिटचे दिवस फिरले होते. बचाव कसा करायचा हे लोक शिकले होते. १९०३ साली व्हिएन्नात एक मुद्दाम स्पर्धा घेतली गेली. प्रत्येक डाव किंग्ज गॅम्बिटनेच सुरू करायचा आणि दिलेलं प्यादं घ्यायचंच अशी सक्ती होती. ती चिगोरिनने जिंकली. १९१२ साली अबाझियात तसाच घाट घातला गेला, तिथे श्पीलमान पहिला आला. सक्ती केल्याशिवाय जी गोष्ट कोणी करत नाही तिची प्रकृती काय असणार? पुढे खुद्द श्पीलमाननेच, या गॅम्बिटच्या शेवटच्या मोठ्या भक्ताने, ती अंथरुणाला खिळल्याचं लेख लिहून जाहीर केलं. १९६० साली मोठ्या स्पर्धेत ती खेळणारा माणूस म्हणजे एकतर हौशी नाहीतर कमालीचा धीट.

स्पास्की दुसऱ्या प्रकारातला होता. जन्म लेनिनग्राडचा, १९३७ सालचा. जर्मन फौजांचा वेढा पडला तेव्हा मुलांना शहराबाहेर हलवलं गेलं, त्यात तोही होता. किरोव्ह प्रांतातल्या अनाथालयात, वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास तो मोहरी हलवायला शिकला. युद्धानंतर लेनिनग्राडच्या पायोनियर पॅलेसमध्ये व्लादिमिर झाक या शिक्षकाने त्याचा पाया घातला. मग तो अलेक्सांदर तोलुशच्या हाताखाली गेला. तोलुश म्हणजे हल्ल्याशिवाय जीव न रमणारा खेळाडू. झाकने घडी नीट बसवली होती, तोलुशने ती विस्कटून दाखवली. १९५५ साली स्पास्की ज्युनियर जगज्जेता झाला. १९५८ साली मात्र रीगाच्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत शेवटच्या फेरीत तो ताल नावाच्या खेळाडूकडून हरला आणि जगज्जेतेपदाच्या वाटेवरच्या पोर्तोरोझ स्पर्धेचं दार त्याला बंद झालं. त्याच पोर्तोरोझमध्ये त्या वर्षी १५ वर्षांचा फिशर ग्रँडमास्टर झाला. दोघांच्या नशिबाचे काटे त्या एका वर्षात उलटसुलट फिरले.

फिशरची कहाणी आपल्याकडे जास्त ठाऊक आहे. ब्रुकलिनचा मुलगा, १४व्या वर्षी अमेरिकेचा विजेता. त्याच्यामागे ना पायोनियर पॅलेस होता ना सरकारी पगारावरचा शिक्षक. होती ती मासिकं, पुस्तकं आणि त्यातलं वाचण्यापुरतं शिकून घेतलेलं रशियन. १९५९ साली युगोस्लाव्हियात झालेल्या कँडिडेट्स स्पर्धेत तालने त्याला चारपैकी चारही डावांत हरवलं. फिशर मार देल प्लाताला पोचला तेव्हा तिकडे मॉस्कोत तोच ताल बोत्विन्निकशी जगज्जेतेपदाचा सामना खेळत होता. म्हणजे इथे अर्जेंटिनात समुद्रकाठी जमले होते ते त्या सामन्याबाहेर राहिलेले. स्पास्की, ब्रॉन्स्टाइन, आइसलँडचा ओलाफसन आणि फिशर.

स्पास्की किंग्ज गॅम्बिट त्या दिवशी प्रथमच काढत नव्हता. जेमतेम महिना-दीड महिना आधी लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ब्रॉन्स्टाइनविरुद्ध तीच खेळली होती. त्या डावाच्या १५व्या चालीला त्याचा एक हत्ती मरणार होता, शिवाय समोरच्याचं प्यादं त्या हत्तीला खाऊन वजीर होणार होतं. त्याने तिकडे पाहिलंही नाही. घोडा काळ्याच्या गोटात घुसवला आणि २३व्या चालीला डाव संपवला. सिनेमावाल्यांनाही हा डाव इतका आवडला की १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बॉण्डपटात व्हेनिसच्या स्पर्धेतला खलनायक याच डावाची शेवटची स्थिती खेळतो. पटावरून दोन प्यादी गायब केली आहेत, एवढाच फरक.

आता मार देल प्लाताचा पट मांडू.

स्पास्कीने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. फिशर एरवी यावर सिसिलियन खेळायचा. ती त्याची जिवाभावाची ओपनिंग. त्या दिवशी त्याने सरळ प्याद्यासमोर प्यादं ठेवलं. टांग पुढे आली, फिशरने प्यादं खाल्लं. स्पास्कीचा घोडा बाहेर आला. फिशरने राजाच्या घोड्याचं प्यादं दोन घरं पुढे टाकून लुटीच्या प्याद्याला टेकू दिला. स्पास्कीने कडेचं प्यादं पुढे घालून तो टेकू हलवला, फिशरचं प्यादं आणखी एक घर सरकून घोड्याच्या अंगावर आलं आणि घोड्याने पटाच्या मध्यावर, ई५ वर उडी घेतली. हीच किझेरित्स्की शाखा. शंभर वर्षांपूर्वीच्या कॉफीगृहातला कोणीही गिऱ्हाईक या जागी मान डोलावून खुर्ची पुढे ओढता.

पुढच्या चार चालींत हिशेब बराचसा चुकता झाला. फिशरने मधलं प्यादं घेतलं, स्पास्कीने आपलं गॅम्बिटचं प्यादं उंटाने परत मिळवलं. इथे पांढऱ्याने वजिराच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवून मध्य भक्कम करावा अशी पुस्तकी रीत होती. नवव्या चालीला स्पास्कीने ते सोडून घोडा बाहेर काढला, फिशरने घोडा बदलला आणि पांढऱ्याची वजिराच्या बाजूची प्यादी फाटली. फिशरने लगेच त्या फाटक्या जागेवर दुसरं प्यादं आणून आपटलं. स्पास्कीने प्याद्यांकडे दुर्लक्ष करून किल्लेकोट केला. राजाच्या बाजूची मोकळी उभी पट्टी आता त्याच्या हत्तीसाठी होती. एव्हाना फिशरचाही उंट आणि घोडा बाहेर आले होते, त्याचाही किल्लेकोट झाला. १६व्या चालीअखेर काळ्याकडे दोन प्यादी जास्त होती. पांढऱ्याकडे त्यांच्या बदल्यात काय? थोडी मोकळी हवा आणि काळ्या राजाच्या समोरची फुटकी भिंत.

गॅम्बिटवाल्याचं खरं दुःख हे आहे. मोकळ्या हवेची पावती मिळत नाही. दोन प्यादी डोळ्यांना दिसतात, मोजता येतात. समोरच्याचा राजा अस्वस्थ आहे हे फक्त जाणवतं. तेही काही चालींपुरतंच, कारण समोरच्याने दम खाऊन सोंगट्या नीट लावल्या की ती हवा विरून जाते आणि दोन प्यादी तेवढी शिल्लक राहतात. त्यामुळे या डावात खरी परीक्षा १७व्या चालीपासून पुढे सुरू झाली आणि गंमत अशी की त्या परीक्षेत फिशर बराच वेळ पुढे होता.

स्पास्कीने हत्ती मोकळ्या पट्टीवर आणला. फिशरने राजा कोपऱ्यात नेला. स्पास्कीनेही नेला. मग फिशरने हत्ती आणला तो आपल्याच उंटाच्या पाठीमागे. नवशिक्याला वाटेल ही कोंडी झाली. स्पास्कीने उंटाने एक प्यादं खाल्लं आणि फिशरने तो पुढचा उंट नुसता एक घर मागे घेतला. पडदा सरकावा तसा. पडद्यामागे हत्ती होता आणि त्या हत्तीच्या नजरेसमोर थेट पांढरा वजीर. सुंदर चाल आहे. स्पास्कीला घाईघाईने शह देऊन वजीर वाचवावा लागला. उंट गेला, घोडा गेला, वजिराने पुन्हा शह दिला, फिशरने हत्ती मध्ये घालून तो अडवला. स्पास्कीने आणखी एक प्यादं टिपलं. फिशरच्या वजिराने कडेचं प्यादं खाऊन शह दिला. राजा एक घर सरकला. ही २३वी चाल, काळ्याची पाळी.

पटावर आता गर्दी उरली नव्हती. दोन्ही राजे उघडे. फिशरला वजीर हलवायचा होता. दोन घरं समोर होती, जी३ आणि जी४, एकावर एक लागून. दोन्हीकडून पांढऱ्या राजापुढच्या प्याद्यावर मातेचा धाक बसत होता. जी३ वर वजिराला वजीर भिडत होता. मारामारी झाली असती, धुरळा खाली बसला असता आणि डाव बरोबरीत सुटला असता. पुढे स्वतः फिशरनेच हे लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी त्याने वजीर जी४ वर ठेवला. बरोबरी कशाला? आपल्याकडे एक प्यादं जास्त आहे.

त्यानंतर सहा चाली. स्पास्कीने हत्ती मागे घेऊन राजापुढचं प्यादं सांभाळलं. फिशरने उंट ई७ वर आणला. पुढच्या चालीला तो कडेला आणून त्या हत्तीला डिवचायचा बेत होता. स्पास्कीचा दुसरा हत्ती दोन नाही, तीन घरं पुढे आला, वजिराला धमकावून त्याने उंटाची वाटही अडवली. एका चालीत दोन कामं. वजीर बाजूला झाला. मग पांढरा वजीर पटाच्या मध्यावर बसला, कोपऱ्यातल्या राजासमोर उभ्या असलेल्या काळ्या हत्तीला जागच्या जागी खिळवून. फिशरने दुसरा हत्ती मोकळ्या पट्टीवर आणला, इथेच शेवटचा घात झाला. स्पास्कीच्या हत्तीने पुन्हा वजिराला उठवलं. आता काळा वजीर कुठेही जावो, ई७ वरच्या उंटावरची नजर त्याला हलवता येत नव्हती. मधली एक चाल झाली आणि फिशरने वजीर कडेला, एच४ वर नेला. तिथून तो उंटाला धरूनही होता आणि पांढऱ्या वजिराला भिडलेलाही होता. स्पास्कीने त्या दोन वजिरांच्या मधोमध हत्ती ठेवला.

बस्स. वजीर उठला की उंट जातो. वजीर बसला तर वजीर जातो. फिशरने हात पुढे केला. पुढे पुस्तकात या शेवटच्या चालींबद्दल त्याने प्रांजळपणे कबूल केलं की आपल्याला अस्वस्थ वाटू लागलं होतं खरं, पण चार चालींत सगळं कोसळेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

उरलेली स्पर्धा फिशरने वादळासारखी खेळली. १५ फेऱ्यांत १३ विजय, एक बरोबरी आणि हा एक पराभव. गुण १३½. स्पास्कीचे १२ विजय आणि तीन बरोबऱ्या, गुण तेवढेच. दोघे संयुक्त विजेते, तिसऱ्या क्रमांकाचा ब्रॉन्स्टाइन पूर्ण दोन गुणांनी मागे. त्याच वर्षी पुढे ब्युनोस आयर्सच्या मोठ्या स्पर्धेत मात्र फिशर इतका घसरला की १९ डावांत त्याला ८½ गुणच मिळाले. त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वात वाईट कामगिरी मानतात. पण त्याच्या मनात सलत राहिलं ते मार देल प्लाता.

१९६१ साली अमेरिकेत लॅरी इव्हान्स या ग्रँडमास्टरच्या संपादनाखाली ‘अमेरिकन चेस क्वार्टर्ली’ नावाचं त्रैमासिक निघालं. त्याच्या पहिल्या अंकात फिशरचा लेख होता. किंग्ज गॅम्बिटचं कंबरडं मोडल्याची घोषणा त्याच्या मथळ्यातच होती. १८ वर्षांच्या पोराने चारशे वर्षांच्या म्हातारीला न्यायालयात उभं केलं आणि ही ओपनिंग पांढऱ्याला सक्तीने हरवते, असं म्हणून टाकलं. स्पास्कीविरुद्धचा डाव त्याने लपवला नाही, तिथूनच सुरुवात केली.

त्याने सुचवलेला उतारा बघायला साधा आहे. प्यादं खाल्ल्यानंतर पांढऱ्याचा घोडा बाहेर आला की लगेच टेकू द्यायला धावायचं नाही. आधी वजिरासमोरचं प्यादं फक्त एक घर पुढे करायचं. वरवर पाहता आळशी चाल. पण ते प्यादं ई५ या घरावर पहारा देत बसतं. मग टेकू द्यायचा. मग पांढऱ्याने कडेच्या प्याद्याने टेकू हलवला, काळ्याचं प्यादं घोड्याच्या अंगावर आलं, तरी घोड्याला उडी घ्यायला ते मोक्याचं घर उरत नाही. किझेरित्स्कीचा सगळा संसार त्या एका घरावर उभा होता. फिशरने मालकाला न उठवता घराचं कुलूप बदललं. या बचावाला आज त्याचंच नाव आहे आणि तो चांगला आहे, याबद्दल दुमत नाही.

‘सक्तीने हरते’ हे मात्र कोणी कधीच सिद्ध केलेलं नाही. खुद्द फिशरच्या सुरातही थोडा मिस्कीलपणा होता. पांढऱ्याने दुसरं काही खेळलं तर तो दुसऱ्या रीतीने हरेल, अशा आशयाची मखलाशी लेखात आहे. शिवाय आरोपपत्रात एक मोठी फट होती. मार देल प्लाताचा डाव किंग्ज गॅम्बिटने जिंकलाच नव्हता. ओपनिंग संपली तेव्हा फिशरचं बरं चाललं होतं. १६व्या चालीला त्याच्याकडे दोन प्यादी जास्त होती, २३व्या चालीला बरोबरी हाताशी होती. तो हरला तो वजिराच्या एका घरासाठी आणि त्यानंतरच्या धांदलीसाठी. पण माणूस हरतो तेव्हा आपल्या हाताला दोष देत नाही, कुऱ्हाडीच्या दांड्याला देतो. फिशरसारखा काटेकोर माणूस तर आणखीच, कारण हाताची चूक पुन्हा होऊ शकते, दांडा बदलता येतो.

पुढे जे झालं ते मात्र कोणा लेखकाने रचलं असतं तर ओढूनताणून केलंय असं आपण म्हटलं असतं. १९६३-६४च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत फिशरने ११ पैकी ११ डाव जिंकले. त्यातल्या एका डावात त्याने दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. किंग्ज गॅम्बिट! समोर कोण होता? लॅरी इव्हान्स. ज्याने तो निकाल छापला तोच. फिशरने घोड्याऐवजी उंट आधी बाहेर काढला, म्हणजे त्याचा स्वतःचा तो सुप्रसिद्ध उतारा लागूच पडत नव्हता. इव्हान्सने वजिराने शह दिला, फिशरचा राजा किल्लेकोट न करता एक घर सरकून बसला आणि डाव फिशरने जिंकला. पुढे १९६८ साली विंकोव्ची इथे वेड आणि मिनिच या दोघांना त्याने असंच हरवलं. मोठ्या स्पर्धांत त्याने किंग्ज गॅम्बिट खेळली ती तीनदा आणि तिन्ही वेळा जिंकली. ज्या बाईला भर बाजारात मेली म्हणून जाहीर केलं तिच्याच घरी हा चोरून जेवायला जात होता.

या दोघांचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९७२ साली रेक्याविकला दोघे जगज्जेतेपदासाठी भिडले तेव्हा आपल्याकडेही बुद्धिबळाच्या घरांत रात्री डाव मांडले गेले असतील. त्या सामन्याआधी दोघांच्यात पाच डाव झाले होते, तीन स्पास्कीने जिंकले, दोन बरोबरीत सुटले. मार देल प्लाताचा पहिला, नंतर १९६६ साली सांता मोनिका, १९७० साली झीगेन. फिशरने स्पास्कीला रेक्याविकपूर्वी एकदाही हरवलं नव्हतं. तो सामना त्याने १२½-८½ असा जिंकला. स्पास्कीने त्या सामन्यात अनेकदा राजापुढचं प्यादं दोन घरं टाकून सुरुवात केली. फिशर कधी सिसिलियन खेळला, कधी अलेखिनचा बचाव, एकदा पिर्क. प्याद्यासमोर प्यादं त्याने एकदाही ठेवलं नाही. टांग घालायची संधीच दिली नाही. याला योगायोग म्हणायचं की १२ वर्षं जपलेली सावधगिरी, ते ज्याने त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूने आहे.

२०१२च्या एप्रिलमध्ये बुद्धिबळाच्या जगात एक बातमी झळकली. अनेक संगणक जोडून किंग्ज गॅम्बिटचा पुरता निकाल लावला, फिशरच बरोबर होता आणि पांढऱ्याला वाचवणारी एकच विचित्र चाल शिल्लक आहे, असं त्यात म्हटलं होतं. भल्याभल्यांनी विश्वास ठेवला. मग उलगडा झाला की तो एप्रिल फूल होता. माणसं फसली कारण फिशरचा तो जुना निकाल कुणाच्या तरी हातून खरा ठरावा, अशी कुठेतरी सगळ्यांचीच इच्छा होती.

फिशर २००८ साली रेक्याविकमध्ये गेला, स्पास्की २०२५च्या फेब्रुवारीत. फिशरने आपले ६० संस्मरणीय डाव निवडून १९६९ साली जे पुस्तक काढलं, त्यात त्याने हरलेले डाव फक्त तीन आहेत. एक तालविरुद्धचा, एक गेलरविरुद्धचा आणि तिसरा मार देल प्लाताचा. त्या पुस्तकात प्रत्येक डावाच्या आधी छोटी प्रस्तावना आहे. ती लिहिणारा लॅरी इव्हान्सच.

घरात पट असेल तर एवढं करा. पांढऱ्याचा राजा जी१, वजीर ई५, हत्ती एफ५ आणि ई१, घोडा डी३, प्यादी ए२, सी२, जी२. काळ्याचा राजा एच८, वजीर एच४, हत्ती सी८ आणि जी७, उंट एफ८, प्यादी ए७, बी७, सी३, एच७. काळ्याची खेळी आहे. वजीर जी३ वर ठेवून बघा, मग जी४ वर ठेवून बघा.